घोड्यांची गुणपत्रिका

घोड्यांना परीक्षेसारखे गुण द्यायचे आणि ज्याला जास्त गुण त्याच्यावर पैसे लावायचे, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्या माणसाने जन्मात कधी घोड्याला हात लावलेला नव्हता. लहानपणी एकदा बागेतल्या तट्टावर बसवलं होतं, तर त्याने असं भोकाड पसरलं की तट्टूच बिचकून बाजूला झालं, असं त्याचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण गुण देण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. परीक्षा मंडळाच्या कचेरीत, गुणपडताळणी विभागात, खिडकीपासून सगळ्यांत लांबच्या टेबलावर तो अकरा वर्षं बसत आला होता. कोणाचे दोन गुण बेरजेत राहिले, कोणाला काठावरून हळूच आत ओढायचं, कुठल्या केंद्रावरची सगळीच मुलं एका रात्रीत हुशार झाली, हे बघायचं त्याचं काम. कचेरीत त्याला 'परीक्षक' म्हणत. घरी बायकोही म्हणायची, फक्त तिच्या म्हणण्यात आदर जरा कमी पडायचा.

बायको दात करायची. म्हणजे डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचे आणि त्या साच्यांवर कवळ्या घडवायच्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लॅबमध्ये खिडकीखालचं टेबल तिचं होतं. 'होतं' एवढ्यासाठी, की नऊ महिन्यांपूर्वी गोटी झाली. दाखल्यावर तिचं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण गोल, गुळगुळीत आणि हातातून निसटणारी म्हणून सगळे गोटीच म्हणतात. लॅबच्या मालकीणबाईंनी टेबल राखून ठेवलं होतं, पण आणखी चारच महिने, त्यापुढच्या एक तारखेपर्यंत.

"नंतर मला दुसरी मुलगी बसवावी लागेल गं," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "तुझं बाळ गोड आहे, कबूल. पण इथे लोक बिनदातांचे बसलेत."

आता गोटीला कोण बघणार, हा प्रश्न. पाळणाघर दीड वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हतं. घरात सासरे होते, पण ते पडले शिंपी. रेसकोर्सवरच्या जॉकींचे रंगीत सदरे त्यांनी तीस वर्षं शिवले होते आणि अजूनही पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन लावून थोडंफार शिवत. "मूल मापाला उभं राहत असेल तर माझ्याकडे द्या," ते म्हणत. "पळत असेल तर मला झेपायचं नाही." आणि गोटी तर अजून पळतही नव्हती. ती पोटावर सरपटत थेट टाचण्यांच्या डबीकडे जायची.

तर अशा वेळी परीक्षकाने, एका रविवारी, दाढी अर्धी राहिलेली असताना, न्हाणीघरातून बाहेर येऊन जाहीर केलं की तो नोकरी सोडणार आहे.

"मी घरी राहतो. तू कामावर जा. सोमवार ते शुक्रवार गोटी माझी. शनिवारी मी रेसकोर्सवर जाईन आणि आठवड्याचं भागेल एवढं घेऊन येईन."

"कशावरून येशील?"

"पद्धतीवरून."

साबणाच्या फेसातून त्याने 'पद्धत' हा शब्द असा काही उच्चारला, की तिला क्षणभर त्याच्यावर प्रेमच करावंसं वाटलं. मग गोटीने टाचण्यांची डबी उपडी केली आणि तो क्षण गेला.

पद्धत अशी. प्रत्येक घोड्याच्या नावापुढे रेसच्या पुस्तकात पाच आकडे छापलेले असतात. गेल्या पाच शर्यतींत तो कितवा आला ते. पहिल्या नंबराला दहा गुण, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला पाच, चौथ्याला तीन, पुढच्यांना भोपळा. सगळ्यांत ताज्या शर्यतीचे गुण दुप्पट. मग जॉकीचे पंधरापैकी, पाठीवरच्या वजनाचे दहापैकी, अंतराचे दहापैकी, मैदान ओलं की कोरडं त्याचे दहापैकी. मागच्या वेळी घोडा आजारी होता असं छापलेलं असेल तर चार गुण ग्रेस. "आजारी मुलाला आपण देतोच ना," असं परीक्षकाचं म्हणणं. आणि शेवटी तोंडी परीक्षेचे पाच गुण वडिलांच्या हातात. म्हातारबुवांनी ते जॉकीच्या कंबरेवरून द्यायचे. "ह्याची कंबर दीड इंच वाढलीय, मीच पट्टा सैल केलाय, ह्याला दोन," असं ते मशीनवरून मान न वळवता सांगत. सगळ्या पद्धतीत माहितीवर आधारलेला भाग काय तो तेवढाच.

तिने ऐकून घेतलं आणि अट घातली. काही झालं तरी ती साच्यावर काम करणारी बाई. तोंडच्या गोष्टींवर तिचा विश्वास कमी.

"जुन्या शंभर शर्यतींवर तपासून बघू. साठच्या वर बरोबर आल्या तर दे राजीनामा."

"साठ? अगं, पहिला वर्ग मागतेस!"

"मग पोरीला दुसऱ्या वर्गात वाढवायचंय का?"

तो खूश झाला. परीक्षा म्हटली की त्याच्या अंगात बळ यायचंच. त्याने कोष्टकं आखली, रकान्यांना नावं दिली, दोन रंगांच्या पेन्सिली आणल्या, आणि मग शंभर शर्यतींतल्या आठशे चौसष्ट घोड्यांचे गुण भरायचं काम मोठ्या विश्वासाने बायकोवर सोपवलं.

"तू घरीच असतेस ना. गोटी झोपली की तासभर बसलीस तरी होईल."

गोटी झोपली की! त्या एका झोपेवर अख्ख्या घराचा डोळा होता. गोटी झोपली की बाटल्या उकळायच्या, गोटी झोपली की केस धुवायचे, गोटी झोपली की दोन घास बसून खायचे, गोटी झोपली की आपणही जरा आडवं व्हायचं, असं तिला सगळ्या शहाण्या बायकांनी सांगितलेलं होतं. आता त्या रांगेत आठशे चौसष्ट घोडे येऊन उभे राहिले. गोटी झोपायची पाऊण तास, तेही आईच्या मांडीवरच; खाली ठेवली की तिला पाठीला डोळे फुटायचे. म्हणून ती मांडी न हलवता, डाव्या हाताने थोपटत, उजव्या हाताने गुण भरायची. गोटीच्या मानेच्या वळीतून दुधाचा आंबूस वास येत राहायचा. झोपेत ती आईचं बोट धरायची ते नेमकं पेन्सिलीचं, आणि मग आई ते सोडवून घ्यायच्या ऐवजी डाव्या हाताने आकडे काढायची. त्यामुळे पद्धतीतले निम्मे सात एकासारखे दिसत आणि परीक्षक संध्याकाळी येऊन अक्षरावर बोलायचा.

"शुद्धलेखनाचे गुण कापतोयस का?"

"नाही, पण नीट काढत जा ना. घोड्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

जुनी पुस्तकं सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत होती. सदरे पोचवायला गेलं की रेसकोर्सवर त्यांना दर आठवड्याला पुस्तक फुकट मिळायचं. शर्यतींचे निकालही वर्तमानपत्रातून कापून त्यांनी सुतळीने बांधून ठेवलेले. पण पेटी उघडली तेव्हा एक अडचण निघाली. पुस्तकांचा कागद होता जाड, आणि शनिवार झाला की त्या पुस्तकाचा उपयोग काय? म्हातारबुवांनी त्यांतली अर्ध्याहून जास्त पुस्तकं कॉलरीचे नमुने कापायला वापरली होती. शर्यत कधी झाली आणि कोण जिंकलं ते निकालाच्या कात्रणांत होतं, पण घोड्यांचे पाच-पाच आकडे कॉलरीत गेलेले.

"बाबा, निदान बाह्यांना तरी दुसरा कागद घ्यायचात," परीक्षक कळवळून म्हणाला.

"बाह्यांना पण हाच घेतलाय. कफला पण. तू मंडळातून कागद आणून देत होतास का?"

परीक्षकाने रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा काढला. ज्या शर्यतीचं पुस्तक कापलं गेलंय, तिच्यातला प्रत्येक घोडा पुढे ज्या पुस्तकात पहिल्यांदा सापडेल तिथून त्याचे आकडे घ्यायचे. "घोडा तोच, जॉकी तोच. आठ-पंधरा दिवसांनी काय फरक पडणार आहे?"

तिनेही मान डोलावली. पाऊण तासाच्या झोपेत मान डोलावण्यापलीकडे वेळ कोणाला होता?

तीन महिने लागले. शंभरावी शर्यत भरून झाली त्या संध्याकाळी परीक्षकाने बूटही न काढता बेरजा घेतल्या. शंभरपैकी चौसष्ट शर्यतींत पद्धतीचा पहिला घोडा खरोखरच पहिला आला होता. चौसष्ट! त्याने गोटीला उचलून छताला लावलं, वडिलांच्या पाया पडल्यासारखं केलं, आणि बायकोला म्हणाला, "मला वाटलंच होतं, पण इतकं वाटलं नव्हतं." पुढच्या सोमवारी त्याने राजीनाम्याचे तीन मसुदे केले, तिन्हींना डावीकडे समास सोडून. साठलेली रजा धरली तर एक तारखेपासून तो मोकळा होत होता. पत्र शुक्रवारी द्यायचं ठरलं, आणि शनिवारी पद्धतीची पहिली खरीखुरी स्वारी.

बुधवारी दुपारी तिने शनिवारचं ताजं, कोरं, कात्री न लागलेलं पुस्तक घेतलं आणि तिसऱ्या शर्यतीचे गुण भरायला बसली. नऊ घोडे. गोटी मांडीवर. वरच्या सहांच्या बेरजा आल्या त्या अशा: अठ्ठावन्न, सत्तावन्न, सत्तावन्न, छप्पन, छप्पन, पंचावन्न. सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, शाळेच्या फोटोला उभे राहिल्यासारखे. वरचा घोडा 'वादळ' नावाचा, आणि तो वर होता तो आजारपणाच्या ग्रेसमुळे.

तिला ते खटकलं. गेल्या तीन महिन्यांत जिंकणारा घोडा कसा ताठ मानेने दहा-पंधरा गुणांनी वेगळा उठून दिसायचा. ते सगळे हुशार घोडे गेले कुठे?

आणि मांडीवरच्या वजनाने पायाला मुंग्या आलेल्या असताना तिला लॅबमधला पहिला आठवडा आठवला. आयुष्यातली पहिली कवळी तिने साच्यावर बसवून मालकीणबाईंना दाखवली होती; केसभर फट नव्हती. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "साच्यावर बसणारच की गं. साच्यावरच केलीयस ना? तोंडात बसली की मला बोलव."

तिने हळूच, गोटीचा पाय न हलवता, शंभर कागद पुढे ओढले. पुस्तक शाबूत असलेल्या शर्यती एकीकडे, कॉलरी झालेल्या दुसरीकडे. शाबूत अडतीस. त्यांत बरोबर आलेल्या नऊ. कॉलरीच्या बासष्ट. त्यांत बरोबर आलेल्या पंचावन्न.

मग सगळं सरळच होतं. शर्यत संपल्यानंतर छापलेल्या पुस्तकात घोड्याचा शेवटचा आकडा कुठला? त्याच शर्यतीचा. जो जिंकला त्याच्या नावापुढे एक छापून आलेला, आणि त्या एकाला पद्धत प्रेमाने दुप्पट गुण देत होती. म्हणजे तीन महिने खपून, दोन रंगांच्या पेन्सिली झिजवून त्यांनी असं यंत्र तयार केलं होतं, की जे शर्यत संपल्यावर कोण जिंकलं ते सांगू शकेल. तेही बासष्टपैकी सात वेळा चुकून.

गोटीने झोपेत ओठ चोखले.

आता खरं सांगायचं तर तिने त्याच संध्याकाळी नवऱ्याला हे सांगायला हवं होतं. शहाणी, समंजस, संसाराला जपणारी बाई काय करते? ती सांगते. हिने कागद पुन्हा एकत्र केले, कडा जुळवल्या आणि गठ्ठा जागेवर ठेवला. पद्धत खोटी ठरली की राजीनामा नाही. राजीनामा नाही की एक तारखेला खिडकीखालच्या टेबलावर कोणीतरी दुसरी मुलगी. तिला त्या टेबलावरचा मेणाचा वास आठवला, छोटा दिवा, पॉलिशच्या चाकाची घरघर, आणि मुख्य म्हणजे आठ तास कोणीही तिचं बोट धरणार नव्हतं. ह्या विचाराची तिला लाज वाटली. लाज वाटली म्हणून तो विचार गेला, असं मात्र झालं नाही.

गुरुवारी सकाळी मालकीणबाईंचा फोन.

"येतेयस ना गं एक तारखेला? का त्या मुलीला हो म्हणू?"

"येतेय," ती म्हणाली. आवाज इतका खणखणीत लागला की तिचं तिलाच नवल वाटलं.

संध्याकाळी परीक्षक लवकर आला आणि सरावाला लागला. गोटीला केळं कुस्करून भरवायचा सराव. अर्धं केळं त्याच्या शर्टावर, पाव केळं गोटीच्या कानात, बाकीचं कुठे गेलं ते दोन दिवसांनी मुंग्यांनी शोधून दिलं. गोटी त्याच्या नाकाकडे बघून खिदळत होती, आणि तो तिला गंभीरपणे समजावत होता, "हे बघा बाईसाहेब, तोंड तुमचं, चमचा माझा. सहकार्य हवं." ती दारात उभी राहून बघत होती. उद्या हा माणूस अकरा वर्षांची नोकरी एका शिंप्याच्या कॉलरीपायी टाकून येणार, आणि आपण त्याला डबा भरून देणार.

शुक्रवारी सकाळी साडेआठला तो इस्त्रीचा शर्ट घालून बूट चढवत होता. पत्र खिशात, वरचा कोपरा दिसेल असं. गोटी तिच्या कडेवर. तिने ठरवलं होतं की दाराची कडी लागेपर्यंत गप्प राहायचं. पण बुटाची नाडी बांधता बांधता त्याने गोटीच्या पायाचा अंगठा धरला आणि म्हणाला, "सोमवारपासून आपण दोघं, काय?"

"पेपर फुटलाय," ती म्हणाली.

तो वाकलेलाच राहिला.

"तुझ्या शंभर शर्यतींचा. कापलेल्या पुस्तकांच्या जागी पुढची पुस्तकं घेतली ना आपण, त्यांत उत्तरं छापलेली होती. तीच वाचून तुझी पद्धत पहिल्या वर्गात आली. कॉपी न करता बसलेल्या अडतीसमध्ये फक्त नऊ."

तो आता आरडाओरडा करील, कागद मागील, निदान 'कशावरून' तरी म्हणेल, अशी तिने तयारी ठेवली होती. तो बुटाच्या फळीवर बसला.

"नऊच का?" तो म्हणाला. "मला दहा आले होते. कुठेतरी तुझा सात असणार. मी एक वाचला."

"म्हणजे?"

"म्हणजे... सोमवारी." तो नाडीकडे बघत बोलत होता. "अगं, अकरा वर्षं मी दुसरं काय करतोय? एका केंद्रावरची सगळी पोरं हुशार निघाली की आम्ही पेट्या उघडतो. चौसष्ट आले तेव्हाच संशय आला होता. सोमवारी तू आंघोळीला गेलीस तेव्हा गठ्ठे वेगळे केले."

"आणि त्यानंतर राजीनामा लिहिलास?"

"तीनदा," तो म्हणाला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉप्या पकडणाऱ्या माणसाने स्वतःची कॉपी सापडल्यावर ती नीट घडी घालून खिशात ठेवली होती. तिला संताप आला. मग आठवलं की आपणही बुधवारपासून त्याच बाकावर बसलोय. त्यामुळे संतापाला जरा घाईघाईने आवरावं लागलं.

"का सांगितलं नाहीस?"

"तू त्या दिवशी भांडी घासताना गात होतीस. वर्षभरात पहिल्यांदा." त्याने गोटीचा अंगठा सोडला. "आणि मी निघतो तेव्हा ही झोपलेली, येतो तेव्हा पेंगुळलेली. शेजारचे मला हिचा मामा समजतात. घोड्यांचं काय, ते एक कारण होतं. नुसतं 'पोरीला बघायला घरी राहतो' म्हणून नोकरी सोडली तर लोक काय म्हणतील? रेससाठी सोडली म्हणजे निदान बिघडलेला तरी म्हणतील."

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं. किती वेळापासून, ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या कॉलरींनी घात केला म्हणा," सासरे आतून म्हणाले.

"बाबा, तुम्ही नका..."

"मी कुठे काय? मला पाच गुण देऊन कोपऱ्यात बसवलंयत तुम्ही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. डोळे मिटून फेव्हरिट घोडा, म्हणजे ज्याच्यावर सगळे पैसे लावतात तो, धरला तरी तिनात एकदा येतो. तुमच्या विद्येने चारात एकदा. तीन महिने अभ्यास करून ठोकताळ्याहून मागे पडलात, हे सोपं काम नाही. माणूस तेवढा शिकलेला लागतो." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

तिला हसू आलं. नको त्या वेळी आलं आणि आवरेना. ती हसतेय म्हणून गोटी हसली, आणि गोटी हसतेय म्हणून परीक्षक बुटाच्या फळीवर बसून, एक नाडी सुटलेली, केविलवाणं हसला.

"मग निघालायस कुठे ते पत्र घेऊन?" तिने विचारलं.

"काढून टाकतो. मालकीणबाईंना तू..."

"त्यांना मी काल हो म्हणून बसलेय."

"काल? म्हणजे तुला माहीत असून?"

"बुधवारपासून."

आता ह्याने रागवायला हवं होतं. पण त्याच्याजवळ तरी जागा कुठे होती?

तिने हात पुढे केला. त्याने पत्र दिलं. गोटीला त्याच्या मांडीवर टाकून तिने ते भिंतीवर धरलं आणि कानामागची पेन्सिल काढली. 'राजीनामा' खोडून वर लिहिलं, 'बिनपगारी रजा, सहा महिने'. खाली 'वैयक्तिक कारणास्तव' होतं, तेही खोडलं.

"हे कशाला? सगळे असंच लिहितात."

"सगळ्यांना एक वर्षाची मुलगी आहे का? खरं कारण लिही. 'पत्नी कामावर जाते, मुलीला सांभाळायचं आहे.'"

"साहेब हसतील."

"हसू देत. परवापर्यंत तू घोड्यांना तोंडी परीक्षेचे गुण देत होतास, तेव्हा कोणाला लाजला नाहीस."

त्याने पत्र तिथेच, स्टुलावर, चौथ्यांदा उतरवलं. ह्या वेळी समास सोडायला विसरला.

तो गेल्यावर ती कामाला लागली, म्हणजे लागल्यासारखं केलं. एकच बाटली दोनदा उकळली. पिळलेले कपडे तसेच राहिले. गोटी त्या दिवशी चक्क दीड तास झोपली, आणि भरायला एकही घोडा नव्हता. ती नुसती बसून राहिली, गोटीच्या पापण्यांखाली काहीतरी धावतंय ते बघत. मालकीणबाईंना फोन करून काय सांगायचं, त्याची दोन वाक्यंही तिने जुळवून ठेवली. दोन्ही खोटी होती आणि दोन्ही चांगली जमली होती.

दोन वाजता फोन वाजला.

"साहेब हसले," परीक्षक म्हणाला.

"मग?"

"मग चार जणांना बोलावून आणलं. तेही हसले. एकाने विचारलं, बायकोचा हात मोडलाय का. मी म्हटलं नाही, त्या हातालाच मागणी आहे. मग साहेबांनी फाइली चाळल्या. निकाल लागून गेलेत, आता विभागात माशा मारायलाही माणसं जास्त आहेत. म्हणाले, तीन महिने. सहा नाही, तीन."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरचं त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही." पलीकडे कोणीतरी काहीतरी टोमणा मारला, तो ऐकू आला नाही, फक्त हशा आला. "तीन महिने तुझ्या कवळ्यांवर चालेल ना गं?"

"चघळून चघळून चालवू," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. गोटीने एक डोळा उघडून बघितलं आणि काही विशेष नाही असं ठरवून पुन्हा मिटला.

शनिवारी कोणी रेसकोर्सवर गेलं नाही. निकाल संध्याकाळी सासऱ्यांनी सांगितला. 'वादळ' आठवा आला होता. नवव्याला रस्त्यातच जॉकीने खाली उतरून चालवत आणलं.

सोमवारी एक तारीख. ती सात वाजल्यापासून तयार होती. परीक्षकाला तिने बारा गोष्टी सांगितल्या, तो प्रत्येकीला 'हो' म्हणाला, आणि त्याच्या 'हो'वरून तिला कळलं की त्यातल्या चार त्याच्या लक्षात राहतील. सासऱ्यांनी टाचण्यांची डबी कपाटावर ठेवली, मग खुर्चीवर चढून आणखी वर ठेवली. रडारड होणार म्हणून तिने पदराला दोन रुमाल टाचून घेतले होते, एक गोटीसाठी आणि एक स्वतःसाठी. सगळ्या बायकांनी सांगितलं होतं, पहिला दिवस फार वाईट, मूल दाराला चिकटतं, आईचा पाय निघत नाही.

तिने दार उघडलं. "येऊ मी?" म्हणाली.

गोटी बापाच्या कडेवरून त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालायच्या कामात होती. तिने आईकडे बघितलं, बटणाकडे बघितलं, आणि बटण निवडलं.

ती जिन्याच्या वळणावर थांबली. आता रडेल. वरच्या मजल्यावरून कुकरची शिट्टी आली, खाली कोणीतरी सायकल काढत होतं. तिने शंभरपर्यंत मोजलं. आतून फक्त परीक्षकाचा आवाज येत होता, एकसुरी, कचेरीतला, आणि मधूनच गोटीचं खिदळणं.

"एवढं तरी रडायचं गं, बये," ती जिन्याला म्हणाली. मग गोटीसाठीच्या रुमालाने आपलं नाक पुसलं आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघाली, कारण नऊच्या आत पोचायचं होतं.